तारमास्तरांचे पाच वॅट



तुमच्या देवघरात एके काळी लाल किंवा पिवळा झीरोचा बल्ब रात्रभर जळत असेल. नाव झीरो, पण तो काचेचा बल्ब १५ वॅटच्या आसपास वीज खाई. घरच्या जुन्या मीटरला एवढी थोडी वीज टिपता येत नसे, म्हणून लोकांनी त्याला शून्यात काढले. त्या झीरोच्या बल्बाच्या तिसऱ्या हिश्शात, म्हणजे ५ वॅटवर, आमच्या पंचवटीतले एक गृहस्थ इटलीतल्या माणसाशी बोलले आहेत. मध्ये मोबाईलचा मनोरा नाही, इंटरनेट नाही, कोणाची कंपनी नाही. गच्चीवर एक तार, टेबलावर पानाच्या डब्याएवढी पेटी आणि बोटाखाली पितळेची कळ, एवढाच संसार. नाशिकपासून इटली ६००० किलोमीटर तरी असेल. मला हे कोणी नुसते तोंडी सांगितले असते तर मी तो कीर्तनातला दृष्टांत समजलो असतो, आणि दृष्टांत जरा ताणला आहे असेही म्हटले असते.

या गृहस्थांना सगळी गल्ली तारमास्तर म्हणते. विशीत तार ऑफिसात नोकरीला लागले, तिथे कट्ट-कडकट्ट शिकले. सरकारने तारेची सेवा जुलै २०१३ मध्ये बंद केली, त्याच्या आधीच ते निवृत्त झाले होते. पण बोटांना लागलेली सवय काही निवृत्त झाली नाही. नोकरीत असतानाच त्यांनी हौशी रेडिओचा परवाना काढला होता. हा परवाना केंद्र सरकारचा दूरसंचार विभाग देतो. त्यासाठी परीक्षा असते, बारा वर्षांचे मूलही ती देऊ शकते, आणि वरच्या वर्गाच्या परवान्याला मोर्सची तार मिनिटाला ८ शब्दांच्या वेगाने घेता-पाठवता यावी लागते. परवाना मिळाला की माणसाला एक नवे नाव मिळते. आपल्या देशातल्या बहुतेकांच्या नावाची सुरुवात ‘व्हीयू’ या अक्षरांनी होते, पुढे एक आकडा आणि दोन-तीन अक्षरे. हवेत जात नाही, गाव नाही, पदवी नाही, नुसते हे नाव. आपल्याकडे गळ्यात माळ पडली की सगळ्यांना एकच नाव मिळते, माउली. यांच्याकडे प्रत्येकाला वेगळे मिळते, एवढाच फरक.

आता माझी ओळख सांगणे आले. वय ७६. आळंदीच्या वारकरी शिक्षण संस्थेत चार वर्षे काढली, ज्ञानेश्वरी-गाथ्याचे पाठ घेतले, आणि १९७० च्या सुमारास निफाड-सिन्नरकडच्या गावांत कीर्तनाला उभा राहू लागलो. पन्नास वर्षे तेच केले. तीन वर्षांपूर्वी गळ्याने साथ सोडली. डॉक्टरांनी नाकातून नळी घालून पाहिले आणि स्वरयंत्राचा एक पडदा हलत नाही असे सांगितले. कीर्तन बंद. बोलायचे ते थोडे, सावकाश, आणि कुजबुजायचे मुळीच नाही, कारण कुजबुजण्याने घशाला उलट जास्त ताण पडतो. वाचकहो, कीर्तनकाराला हे सांगणे म्हणजे काय, ते तुमच्यातल्या फडकऱ्यांना आणि टाळकऱ्यांना सांगायला नको. पहिले सहा महिने मी घराबाहेर पडलो नाही. कोणी दारात येऊन ‘बुवा, कसे आहात’ विचारले की हाताने खूण करायची आणि आत जायचे.

काकडआरतीच्या वेळी जाग येते ती मात्र गेली नाही. पहाटे चारला उठावे, गोदामाईच्या दिशेला तोंड करून बसावे, हरिपाठ मनात म्हणावा. अशाच पहाटे शेजारच्या खिडकीतून बारीक पिपाणीसारखा आवाज कानावर येई. कधी आखूड, कधी लांब. पुष्कळ दिवस तो मला चिमण्या पाखराचा वाटला. मग ध्यानात आले की पाखराला लय इतकी पक्की नसते. मात्रा मोजल्या. लांब स्वर आखडाच्या बरोबर तिप्पट. मध्ये विश्रांती, तीही मोजून. पखवाजावर पन्नास वर्षे कान घासलेला माणूस मी. हे कोणीतरी वाजवते आहे हे कळायला आणखी काय हवे? सकाळी जाऊन मास्तरांना विचारले, तेव्हा ते खूश झाले. म्हणाले, “बुवा, आजवर सोसायटीतल्या लोकांनी येऊन तक्रारच केली. लय मोजून आलेले तुम्ही पहिले.”

तक्रारीचेही खरे आहे. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीपासून मागच्या कडुलिंबापर्यंत त्यांनी जी तार ताणली आहे ती २० मीटर लांब, मधोमध तोडलेली आणि तिथून खाली केबल सोडलेली. ज्या लहरींवर ते बोलतात तिची लांबी ४० मीटर, म्हणून तार तिच्या निम्मी. कपडे वाळत घालायला एवढी उत्तम दोरी कोणी वापरू देत नाही याचा काहींना राग, आणि काहींना शंका की हा म्हातारा पहाटे उठून कोणाला निरोप देतो. एकाने तर हेर ठरवले होते. मास्तरांनी परवाना चौकटीत घालून जिन्यात लावला, तेव्हा कुठे तोंडे मिटली.

मोर्सची गंमत मला लवकर कळली, कारण ती बोलांसारखी आहे. मास्तर अक्षरे डोळ्यांनी टिंब-रेघ अशी पाहत नाहीत, कानाने घेतात: ‘डिट’ आणि ‘डा’. निरोप संपवताना ही मंडळी ७३ हा आकडा पाठवतात, त्याचा अर्थ ‘मनापासून शुभेच्छा’. तो असा वाजतो: डा-डा-डि-डि-डिट, डि-डि-डिट-डा-डा. उलटा वाचला तरी तोच. आमच्या पखवाजवाल्या मित्राला मी तो टेबलावर बोटाने वाजवून दाखवला, तर त्याने लगेच त्याचा तुकडा बांधला. आणि जसा प्रत्येक पखवाजियाचा हात वेगळा, तसा प्रत्येक तार पाठवणाऱ्याचाही. मास्तर नाव ऐकण्याआधी नुसत्या हातावरून माणूस ओळखतात. हा जरा घाईत असतो, तो ‘डा’ किंचित लांबवतो, तिसऱ्याच्या अक्षरांत शिस्त अशी की जणू सैन्यातून आलेला.

मग ते बोलतात तरी काय? मला मोठी उत्सुकता होती. वाटले, पुण्यातल्या, जपानातल्या, रशियातल्या माणसांची सुखदुःखे कळत असतील. तसे काही नाही. या हौशी रेडिओवर गाणे-बजावणे पाठवायला कायद्याने बंदी, करमणुकीचा कार्यक्रम लावायला बंदी, व्यापार-धंद्याची बोलणी बंद. धर्म आणि राजकारण यांवर हवेत वाद घालायचे नाहीत असा त्यांचा आपापसातला शिष्टाचार. मी म्हटले, “म्हणजे माझ्यासारख्याचे दुकान इथे उघडायच्या आधीच बंद.” मास्तर हसले. उरते ते एवढेच: तुमचा आवाज मला किती स्पष्ट येतो, किती जोराने येतो, माझे नाव अमुक, गाव नाशिक, यंत्र अमके, शक्ती ५ वॅट, हवा ढगाळ. झाले. शुभेच्छा, आणि पुढचा.

आधी मला हे कोरडे वाटले. एवढा खटाटोप करून हवा ढगाळ आहे हे सांगायचे? पण नंतर वारीत आपण काय करतो ते आठवले. दिवे घाटात समोरून अनोळखी वारकरी येतो. तो तुमच्या पाया पडतो, तुम्ही त्याच्या पडता. नाव विचारत नाही, धंदा विचारत नाही, मुलाबाळांची लग्ने विचारत नाही. माउली म्हणायचे आणि पुढे चालायचे. त्या भेटीत निरोप कोणता असतो? तू दिसलास, हाच. मास्तर कीर्तनाला कधी येत नाहीत, वारीला गेले नाहीत, एकादशीही धरत नाहीत. त्यांच्या छंदाला मी भक्ती म्हणणार नाही. त्यांनाही ते आवडणार नाही. पण ‘तुझा आवाज मला पोहोचला’ एवढेच सांगायला माणसे पहाटे उठून बसतात, हे पाहून मला परके वाटले नाही.

स्पष्टतेला ते १ ते ५ गुण देतात आणि जोराला १ ते ९. स्पर्धा असली म्हणजे मात्र सगळेच सगळ्यांना पैकीच्या पैकी देऊन मोकळे होतात, ऐकू आले असो वा नसो. सप्ताहातल्या आभाराच्या भाषणात प्रत्येक कीर्तन ‘न भूतो न भविष्यति’ असते, त्यातलाच प्रकार.

आता त्या ५ वॅटचे. परवान्याप्रमाणे मास्तरांना याच्या कितीतरी पट शक्ती वापरायची मुभा आहे. बाजारात मिळणारे नेहमीचे यंत्र १०० वॅटचे असते. पण जगभर काही मंडळींनी ठरवून घेतले आहे की मोर्ससाठी ५ वॅटच्या वर जायचे नाही. काही तर एका वॅटच्याही खाली उतरतात. या प्रकाराला ते ‘क्यूआरपी’ म्हणतात. हा जुन्या तारायंत्रांच्या काळचा संकेत. पुढे प्रश्नचिन्ह लावले तर त्याचा अर्थ ‘मी शक्ती कमी करू का?’ आणि प्रश्नचिन्हाशिवाय पाठवला तर ‘शक्ती कमी करा.’ तुमचा आवाज मला भरपूर येतो आहे, इतके ओरडू नका, असे समोरच्याला सांगायची ती सभ्य रीत.

मास्तरांनी हे व्रत म्हणून घेतले नाही, हे आधी सांगतो. सुरुवातीला पगार बेताचा, मोठे यंत्र परवडत नव्हते. जुन्या बाजारातल्या मोडक्या रेडिओंतले भाग काढून त्यांनी पहिले यंत्र जोडले. पुढे हैदराबादच्या अशर फरहान यांनी ‘बिटएक्स’ नावाच्या स्वस्त यंत्राचा आराखडा सगळ्यांसाठी खुला केला, साधे मिळणारे भाग वापरून घरी जोडता येईल असा. जगभरच्या हौशी लोकांनी तो जोडला. मास्तरांनीही एक जोडला, तो बोलण्याचा आहे, तारेचा नव्हे. तो ते क्वचित लावतात. मग त्यांच्या पत्नींचे मोठे दुखणे आले. चार वर्षे त्या अंथरुणावर होत्या. रात्री त्यांच्या उशाशी बसून, कानाला हेडफोन लावून, १२ व्होल्टच्या बॅटरीवर मास्तर हवेत असत. बाईंची झोप मोडायची नाही, आणि त्यांनी हाक मारली तर एका कानाने ऐकूही आले पाहिजे. म्हणून हेडफोनचा एक कान उघडा ठेवायचा. ती सवय अजून आहे. बाई जाऊन पाच वर्षे झाली.

कमी शक्तीवाल्याला बोलण्यापेक्षा ऐकावे जास्त लागते. १०० वॅटवाला केव्हाही, कुठेही हाक घालतो आणि कोणीतरी ओ देतोच. ५ वॅटवाल्याने वेळ पाहावी लागते. दिवसा आकाशात ६० ते ९० किलोमीटर उंचीवर एक थर तयार होतो, तो या लहरी गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो विरतो आणि त्याच्या वरचे थर लहरींना परत पृथ्वीकडे वळवतात; मग त्या दूर दूर जातात. म्हणून पहाट महत्त्वाची, उजेड आणि अंधार यांची वेस. सूर्यावरचे डागही दर अकरा वर्षांनी वाढतात-घटतात, आणि त्यांच्याबरोबर आकाशाची कृपा-अवकृपा. मास्तर आधी अर्धा तास नुसते ऐकतात. कोण आहे, किती जोराने येतो आहे, तो दुसऱ्याशी बोलतो आहे का, त्याला फुरसत आहे का. मग दोघांच्या बोलण्यात जी फट पडते तिच्यात आपले नाव एकदाच, स्वच्छ, घालतात. हिशेबही त्यांनी मला समजावला. १०० वॅटवरून ५ वॅटवर आले, म्हणजे शक्ती विसाव्या हिश्शावर आली, तरी ऐकणाऱ्याच्या काट्यावर आवाज नवावरून सातच्या आसपासच उतरतो. विसापैकी एकोणीस भाग टाकून दिले आणि काट्याची दोन घरे गेली. मी हे तीन वेळा विचारून घेतले, कारण मला खरे वाटेना.

हे ऐकताना माझे मन दुसरीकडे धावत होते, ते सांगतो. मी उभा राहू लागलो तेव्हा खेड्यांत वीज होती-नव्हती. देवळाचा ओटा, कंदील, समोर दोनशे माणसे. शेवटच्या माणसापर्यंत आवाज न्यायचा तो बेंबीच्या देठापासून. मग बॅटरीवर चालणारी मशीन आली. पिंपळाला पत्र्याचा कर्णा बांधलेला असे आणि मायक्रोफोनवर ‘शिकागो’ अशी अक्षरे. लोकांना वाटे अमेरिकेचा माल. ती कंपनी सिंधमधून मुंबईत आलेल्या मोटवाने कुटुंबाची, शिकागो रेडिओ हे तिचे नाव. गांधी-नेहरूंच्या सभांना त्यांचेच कर्णे असत, आणि पुढे त्यांचा कारखाना आपल्या नाशिकरोडलाच आला. मास्तरांनी मला याच कुटुंबाची एक दुसरी हकिगत सांगितली. दुसरे महायुद्ध सुरू होताच १९३९ साली सरकारने हौशी रेडिओचे परवाने रद्द केले. १९४२ च्या ऑगस्टमध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला, त्याला सामग्री शिकागो रेडिओच्या नानिक मोटवाने यांच्याकडून मिळाली. पोलिसांच्या हाती लागू नये म्हणून जागा सारखी बदलत. १२ नोव्हेंबर १९४२ ला पोलिसांनी गाठलेच. उषाबेन तेव्हा २२ वर्षांच्या. चार वर्षांची शिक्षा झाली, येरवड्यात काढली. ज्या नावाचा कर्णा लावून मी गावोगाव कीर्तने केली, त्याच्या पाठीमागे हे आहे, याचा मला पत्ता नव्हता.

कर्ण्याचे पुढे काय झाले ते तुम्ही पाहताच आहात. आता सप्ताहाच्या मांडवात माणसापेक्षा उंच खोकी रचतात. पखवाजाची थाप छातीवर बसते, कानात अक्षर शिरत नाही. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला २००० सालच्या नियमांनी मनाई आहे, म्हणून कीर्तने लवकर सुरू होतात, हे एका परीने बरेच झाले. मी तक्रार करतो असे समजू नका. त्याच खोक्यांवर मीही गाजलो आहे, मानधनही घेतले आहे. पण एवढा आवाज असताना मागच्या रांगेतल्या म्हातारीने हातातली वात वळता वळता मान डोलावली की नाही, हे वरून दिसत नाही. कंदिलाच्या उजेडात दिसे.

आपल्या शास्त्रात वाणी चार सांगितल्या आहेत: परा, पश्यंती, मध्यमा आणि वैखरी. जी कानाला ऐकू येते ती वैखरी, ती सगळ्यांत बाहेरची. मी हे शेकडो वेळा निरूपणात सांगितले. वैखरी आटल्यावर आतल्या तिघींची आठवण काढणे हा निराळा अभ्यास आहे, आणि तो ७३ व्या वर्षी सुरू झाला. नवविधा भक्तीत श्रवण पहिले आणि कीर्तन दुसरे. पन्नास वर्षे दुसऱ्या पायरीवर उभा राहिल्यावर पहिलीवर येऊन बसणे, हे चढणे की उतरणे, त्याचा निवाडा मला अजून करता येत नाही.

मास्तरांकडे मी रोज सकाळी सहाच्या सुमारास जाऊ लागलो. साडेसहाला त्यांची एक ठरलेली भेट असे. केरळातले एक निवृत्त शाळामास्तर, तेही ५ वॅटवाले. अकरा वर्षे रोज, साडेसहाला, त्याच लहरीवर. दोघांनी एकमेकांना कधी पाहिले नाही, एकाला मराठी येत नाही, दुसऱ्याला मल्याळम नाही. दहा मिनिटे. पाऊस, यंत्र, नातवंडांच्या परीक्षा. मास्तरांचे कान अलीकडे मंदावले आहेत, बारीक सूर येत नाही, म्हणून त्यांनी यंत्रातला सूर खाली आणून जाड केला आहे. मी शेजारी बसलो की ते हेडफोन काढून छोटा स्पीकर लावतात. एकाचा कान गेलेला, एकाचा गळा, मध्ये यंत्र.

यंदा पौष वद्य एकादशीच्या सुमारास, त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा भरली होती तेव्हा, एका सकाळी केरळातून उत्तर आले नाही. दुसऱ्या दिवशी नाही. आठवडाभर नाही. दिंडीत ओळीतला एक माणूस पुढच्या वर्षी दिसत नाही आणि त्याची जागा कोणी बोलून दाखवत नाही, ती शांतता तुम्हाला ठाऊक आहे. या मंडळीत माणूस वारला की त्याला ‘सायलेंट की’ म्हणतात, त्याची कळ मुकी झाली. मास्तरांनी तो शब्द तोंडातून काढला नाही. रोज साडेसहाला ते त्या गृहस्थांचे नाव तीनदा पाठवत, मग आपले एकदा, मग तीन मिनिटे थांबत. वहीत लिहीत: उत्तर नाही. पुन्हा पाठवत.

मला राहवेना. एक दिवस म्हटले, “मास्तर, कोणाचे तरी मोठे यंत्र मागून आणा. शंभर वॅटने हाक मारा. कदाचित ऐकू येत नसेल.” ते म्हणाले, “बुवा, त्यांचे यंत्र बंद असेल तर हजार वॅट पाठवून काय होणार? आणि चालू असेल तर पाच पुरतात. अकरा वर्षे पुरले.” आणि पुन्हा कळीवर हात ठेवला.

शेवटी माघात त्यांनी पत्र टाकले. पहिल्या भेटीनंतर दोघांनी एकमेकांना ओळखीचे कार्ड पाठवले होते, हीही त्यांची रीत आहे, त्यावर पत्ता होता. फाल्गुनात उत्तर आले, मुलीचे. वडिलांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, बोलणे कोणाला समजत नाही. साडेसहा वाजले की ते भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहतात आणि आम्हाला काय हवे ते कळत नव्हते, तुमच्या पत्रामुळे कळले, असे तिने लिहिले होते. तिने यंत्र अंथरुणापाशी आणून लावून दिले आहे, वडील ऐकतात, असेही होते. मास्तरांनी पत्र मला दिले आणि स्वयंपाकघरात जाऊन चहाचे आधण ठेवले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. म्हणजे वहीत जिथे ‘उत्तर नाही’ लिहिले होते, त्यांतल्या काही दिवशी तरी हाक पोहोचत होती.

त्यानंतर मास्तरांनी नाव पाठवून थांबणे सोडले. साडेसहाला सरळ हवा, पाऊस, गोदेला पाणी किती, बुवा शेजारी बसले आहेत, असे सगळे पाठवून द्यायचे आणि ७३. उत्तराची वाट न पाहता.

याच दिवसांत माझ्याकडे निफाडकडच्या एका गावची मंडळी आली. चैत्रात सप्ताह, काल्याचे कीर्तन बुवांनीच करायचे. एक पोरगा म्हणाला, “बाबा, आता कॉलरला लावायचा माइक येतो. तुम्ही नुसते ओठ हलवा, आम्ही आवाज उचलतो.” मनापासून म्हणत होता. रात्रभर मला झोप लागली नाही. पुन्हा एकदा उभे राहायला मिळणार, समोर माणसे, पाठीशी टाळकरी. सकाळी मी नाही म्हणून कळवले. डॉक्टरांची मनाई हे एक कारण, आणि जो श्वास घेऊन मी अभंगाचे धृपद उचलत असे तो श्वास माइक कुठून आणणार, हे दुसरे. पण सप्ताहाला गेलो. वीणा खाली ठेवायची नसते, पहाऱ्याने फिरत राहते, हे तुम्ही जाणता. पहाटे तीन ते सहाचा पहारा कोणी सहसा मागत नाही. तो मी मागून घेतला. तीन तास वीणा गळ्यात, ओठांत नाम. समोर दोन म्हाताऱ्या आणि एक झोपलेला पोरगा. गाऊन दमायचो तेव्हा मिळणारे समाधान त्यात होते असे मी म्हणणार नाही. मन अजून मानत नाही. तरी ज्येष्ठातल्या सप्ताहालाही तोच पहारा सांगून ठेवला आहे.

या छंदाचा जगाला उपयोग काय, असे तुमच्यापैकी कोणी विचारील. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, भुजला २६ जानेवारी २००१ ला, तेव्हा तारा तुटल्या, फोन मेले, आणि ही हौशी माणसे आपापली यंत्रे घेऊन तिथे पोहोचली. २००४ च्या डिसेंबरात भारती प्रसाद काही सोबत्यांसह अंदमानात गेल्या होत्या, कशाला, तर त्या बेटांवरून हौशी रेडिओवर क्वचितच कोणी बोलते म्हणून, निव्वळ हौसेने. २६ तारखेला त्सुनामी आली. जे यंत्र खेळायला नेले होते त्यावरून बेटांवरच्या माणसांचे निरोप मुख्य भूमीला जाऊ लागले. गंगासागरच्या यात्रेत हरवलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना घरच्यांपर्यंत पोहोचवण्याचे काम बंगालमधले हौशी रेडिओवाले करतात. आपल्या वाळवंटात आषाढीला किती माणसे चुकामूक होऊन रडत बसतात ते पाहिलेल्यांनी याचा जरूर विचार करावा. दिंडीतल्या एखाद्या हुशार पोराने ही परीक्षा दिली तर मला आनंद होईल.

चैत्राच्या शेवटी एका सकाळी मास्तर नेहमीप्रमाणे पाठवून थांबले आणि स्पीकरमधून काहीतरी आले. अतिशय सावकाश. एक ‘डा’, मग इतका वेळ काही नाही की मला वाटले संपले. मग दोन ‘डिट’, वेडेवाकडे. मास्तरांनी कपाळाला आठी घातली. हात ओळखीचा नव्हता. कोणी नवशिका पोर असेल असे ते पुटपुटले आणि शिष्टाचाराप्रमाणे अक्षरे लिहून घेऊ लागले. व्ही. बराच वेळाने यू. तिसऱ्या चिन्हाला त्यांची पेन्सिल थांबली. डावा हात होता तो. अकरा वर्षांचा उजवा हात गेला होता, आणि डावा पहिलीच्या मुलासारखा गिरवत होता. पूर्ण नाव यायला दोन मिनिटे लागली असतील. त्यानंतर दोनच अक्षरे आली, ‘नाशिकचे मित्र’ अशा अर्थाची त्यांची खूण. मास्तरांनी उत्तर पाठवले तेही तितक्याच सावकाश, अक्षरामागे अक्षर, मधल्या जागा रुंद करून. मिनिटाला अठरा शब्द पाठवणारा माणूस, तो मिनिटाला दोन शब्दांवर आला. मी बोटांवर मात्रा धरली होती. इतक्या विलंबित लयीत हात थरथरू न देणे किती कठीण असते ते पखवाजियाला विचारा.

आता ते मिनिटाला चार शब्दांवर आले आहेत. बोलणे अजून उमटत नाही असे मुलगी लिहिते, पण सकाळची दहा मिनिटे तो आता पाऊण तास झाला आहे. निवृत्तिनाथांची पालखी यंदा नाशिकात कोणत्या दिवशी मुक्कामाला आहे, ते मास्तरांनी काल मला विचारले. त्यांना स्वतःला जायचे नाही. केरळच्या गृहस्थांनी विचारले आहे, त्यांना सकाळी कळवायचे आहे. मी पंचांग काढून तारीख लिहून दिली, आणि गच्चीवरच्या तारेची कडुलिंबाकडची दोरी कुजली आहे ती पावसाआधी बदलायला माझ्या नातवाला पाठवतो असेही सांगितले.